मुलाच्या अंगावरील खाज : दंश कोणाचा?

दोन ते सात वर्षे वयाच्या मुलांच्या अंगावर वारंवार उठणारे, अतिशय खाजणारे लहान लहान फोड ही उष्ण प्रदेशातील घराघरांत आढळणारी तक्रार आहे. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरात तर वर्षातील एकही महिना असा जात नाही की ज्यात या तक्रारीसाठी मुलांना दवाखान्यात आणले जात नाही. या फोडांना तमिळमध्ये ‘पूच्चिक्कडि’ असे सरसकट नाव आहे. त्याचा अर्थ किड्याचा चावा. मराठी आईसुद्धा ‘काहीतरी चावलंय’ एवढेच म्हणते. दोन्ही भाषांतील हे शब्द खरे आहेत, परंतु ते अपुरे आहेत. काय चावले, हा प्रश्न तसाच राहतो. आणि उपाय त्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो. डासांसाठी मच्छरदाणी लागते, ढेकणांसाठी खाट उलटी करून पाहावी लागते, खरजेसाठी घरातील प्रत्येक माणसाला एकाच दिवशी औषध लावावे लागते. यांपैकी एकासाठीचा उपाय दुसऱ्यास मुळीच लागू पडत नाही.

पुष्कळ घरांत तर हा प्रश्न विचारलाच जात नाही. अंगावर पुरळ उठले की ते अन्नामुळे, असा समज सर्वत्र आहे. तमिळ घरात त्यास ‘सूडु’ म्हणजे शरीरातील उष्णता म्हणतात. मराठी घरात ‘उष्णता झाली’ किंवा ‘रक्त बिघडले’ म्हणतात. मग आंबा बंद होतो, अंडे बंद होते, वांगे बंद होते, मासे बंद होतात. आधीच कमी खाणारे मूल आणखी अशक्त होते, आणि ज्या गादीच्या शिवणीत ढेकणांची वस्ती आहे त्याच गादीवर ते रोज रात्री झोपविले जाते. महिनाभराने फोड कायम असतात. फक्त पथ्याची यादी वाढलेली असते.

एकाच घरात एकट्या मुलालाच का?

‘घरात आम्ही पाचजण आहोत. डास असते तर ते आम्हालाही चावले असते,’ हा युक्तिवाद डॉक्टरांना नेहमी ऐकावा लागतो. तो वरकरणी बिनतोड वाटतो, तरी चुकीचा आहे. याचे कारण समजून घेण्यासाठी चाव्यानंतर त्वचेत काय घडते ते पाहिले पाहिजे.

रक्त शोषणारी डासाची मादी सोंड टोचताना आपली लाळ त्वचेत सोडते. रक्त गोठू नये व ते सहज वाहावे यासाठी या लाळेत अनेक प्रथिने असतात. टोचण्याची जखम नगण्य असते. खाज सुटते ती या परक्या प्रथिनांविरुद्ध शरीराने केलेल्या प्रतिकारामुळे. म्हणजे अंगावरील फोड हा किड्याने काढलेला नसून मुलाच्या शरीराने काढलेला असतो, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. आणि प्रतिकार हा ओळखीवर अवलंबून असतो. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी १९४६ साली या ओळखीच्या पायऱ्या दाखवून दिल्या. ज्याला त्या जातीचा डास पूर्वी कधीच चावलेला नाही, त्याच्या त्वचेवर पहिल्या चाव्याची खूण उमटत नाही. काही चाव्यांनंतर दुसरी पायरी येते. तीत चावताक्षणी काही होत नाही, परंतु सुमारे एक दिवसाने खाजरा, घट्ट फोड येतो. तिसऱ्या पायरीत दोन्ही गोष्टी घडतात: काही मिनिटांत गांधी उठते, ती ओसरते, आणि दुसऱ्या दिवशी फोड येतो. चौथ्या पायरीत फक्त तात्पुरती गांधी उठते. पाचव्या पायरीवर पोहोचलेल्या माणसाला, म्हणजे ज्याला वर्षानुवर्षे डास चावत आले आहेत त्याला, पुन्हा काहीच होत नाही.

घरातील प्रौढ माणसे बहुधा शेवटच्या दोन पायऱ्यांवर असतात, तान्हे बाळ पहिल्या पायरीवर असते आणि चार वर्षांचे मूल दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर असते. सर्वांना तेच डास चावतात. खाजवतो मात्र एकजण. यामुळेच दुसऱ्या गावाहून नव्याने आलेल्या कुटुंबात काही महिने आईवडिलांच्या अंगावरही फोड दिसतात, आणि शेजारी जन्मापासून राहणाऱ्यांना याचे आश्चर्य वाटते.

या पायऱ्यांवरून आणखी एक गोष्ट निघते, आणि शोध घेणाऱ्याने ती विशेष लक्षात ठेवली पाहिजे. फोड दिसण्याची वेळ ही चाव्याची वेळ असतेच असे नाही. सकाळी दिसलेला फोड रात्रीच्या चाव्याचा असू शकतो, तसाच तो आदल्या दिवशी दुपारी शाळेच्या बाकाखाली बसलेल्या डासाचाही असू शकतो. शिवाय अतिसंवेदनशील मुलांत एक नवा चावा झाला की आठवड्यापूर्वीचे विरत आलेले फोडही पुन्हा सुजतात व खाजू लागतात. आई वीस फोड मोजते. प्रत्यक्षात चावा एकच झालेला असतो.

जुना रोग, नवे कारण

या विकाराचे वर्णन वैद्यकात जुने आहे. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ टॉमस बेटमन यांनी १८१३ साली त्यास लॅटिन नाव दिले होते. आज त्यास ‘पॅप्युलर अर्टिकेरिया’ म्हणतात. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ युरोपातील डॉक्टर त्याचे कारण दात येणे, जंत, बद्धकोष्ठ, अंडी आणि दूध यांत शोधत राहिले. म्हणजे भारतीय आजीबाईंच्या समजुतीहून त्यांचे मत फार वेगळे नव्हते. मात्र एक गोष्ट या सर्व कारणांत बसत नव्हती. मुलाला रुग्णालयात ठेवले की कोणतेही पथ्य न करता फोड थांबत, आणि घरी पाठविले की ते पुन्हा येत. दात, जंत आणि आहार तर मुलाबरोबर रुग्णालयात येतात. घरातील गादी आणि मांजर येत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे स्पष्ट झाले की या विकाराचे मूळ मुलाच्या पोटात नसून त्याच्या घरात आहे. मूल सुटीत आजोळी गेले असता फोड थांबतात काय, हा प्रश्न म्हणूनच आजही सर्वांत उपयुक्त प्रश्नांपैकी एक आहे.

चेन्नईचे डास

चेन्नईत संशय प्रथम डासावर घ्यावा लागतो. मात्र डास म्हणजे एकच प्राणी नव्हे. या शहरात मुख्यतः तीन प्रकारचे डास माणसाला चावतात. प्रत्येकाचे पाणी वेगळे, वेळ वेगळी आणि धोकाही वेगळा.

कूवम आणि अड्यार या नद्या, बकिंगहॅम कालवा, उघडी गटारे आणि शोषखड्डे यांतील घाण पाण्यावर क्युलेक्स जातीचा डास वाढतो. तो रात्री, विशेषतः मध्यरात्रीच्या सुमारास चावतो. झोपेत पांघरुणाबाहेर राहिलेले हात, पाय आणि चेहरा ही त्याची जागा. झोपमोडीचे आणि अंगावरील फोडांचे बरेचसे श्रेय याच डासाकडे जाते. हत्तीरोगाचा प्रसारही हाच करतो. दुसरा ॲनॉफिलिस स्टीफन्सी, शहरी हिवतापाचा वाहक. त्याला स्वच्छ पाणी लागते. पाणीटंचाईने गांजलेल्या चेन्नईत जुन्या विहिरी, गच्चीवरील टाक्या आणि जमिनीखालचे हौद यांनी त्याची सोय आयतीच करून ठेवली आहे. तोही रात्री चावतो.

तिसरा एडिस इजिप्ती. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा काळा डास दिवसा, मुख्यतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोनतीन तासांत चावतो. घोटे आणि पोटऱ्या त्याला विशेष आवडतात. तो सावध असतो. मुलाने पाय हलविला की उडतो आणि पुन्हा जवळच बसतो. त्यामुळे एकाच डासाचे तीनचार चावे एका जागी आढळतात. फुलदाणी, कुंडीखालची ताटली, टाकून दिलेला टायर, नारळाची करवंटी एवढे पाणी त्याला पुरते. अंड्यापासून डास होण्यास आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून अशी भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून काढली तर वंश तुटतो. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात.

हा तिसरा डास मद्रासच्या इतिहासात नोंदला गेला आहे. १९६४ साली या शहरात चिकुनगुन्या तापाची मोठी साथ आली. त्याआधीच्या वर्षी ती कलकत्त्यात होती, त्यानंतरच्या वर्षी ती नागपुरात पोहोचली, आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे उद्भवली. मग तीस वर्षांहून अधिक काळ हा रोग देशातून जवळजवळ नाहीसा झाल्यासारखा वाटला. २००५-०६ मध्ये तो परतला व महाराष्ट्र, आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूत लाखो लोकांचे सांधे त्याने धरले. डेंग्यूचा प्रसारही हाच डास करतो.

एवढे असूनही पालकांच्या मनातील एका भीतीचे निरसन येथे केले पाहिजे. फोड मोठा आहे, लाल आहे, फार खाजतो, यावरून तो डास रोगट होता किंवा नव्हता असे काहीही ठरविता येत नाही. डेंग्यूचा विषाणू वाहणाऱ्या डासाचा चावा आणि निरुपद्रवी डासाचा चावा दिसायला सारखेच. रोगाचा पत्ता नंतर येणाऱ्या तापावरून लागतो. डेंग्यूचा ताप चाव्यानंतर बहुधा चार ते दहा दिवसांनी चढतो. हिवतापास एक आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तोपर्यंत फोड विरूनही गेलेला असतो.

काही मुलांत एका चाव्याने सबंध हात किंवा पापणी सुजते, ती जागा गरम लागते आणि कधी अंगही तापते. कॅनडातील संशोधकांनी १९९९ साली या प्रकारास ‘स्कीटर सिंड्रोम’ असे नाव दिले. ही जंतुसंसर्गाची सूज समजून प्रतिजैविके दिली जातात. दोहोंतील फरक वेळेवरून कळतो. डासाची सूज चाव्यानंतर काही तासांतच येते, तर जंतुसंसर्गाची सूज सामान्यतः एकदोन दिवसांनी येते आणि वाढत जाते. तिच्यात खाजेपेक्षा दुखणे अधिक असते.

गादीतील पाहुणे

ढेकूण डासाप्रमाणे उडत नाही. तो खाटेच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत, कॅलेंडरच्या मागे दिवसभर दडून राहतो आणि पहाटेपूर्वी बाहेर येतो. पाचदहा मिनिटांत पोट भरून तो परत जातो. त्याचा चावा त्या वेळी जाणवत नाही. चावे उघड्या भागावर, पुष्कळदा दोनतीन एका रांगेत असतात. ही रांग म्हणजे ढेकणाची सही, असे काही लोक मानतात. परंतु पिसूचे आणि एडिस डासाचे चावेही तसेच असू शकतात, म्हणून केवळ रांगेवर निकाल देणे धाडसाचे होईल. खरा पुरावा गादीवर असतो. शिवणीपाशी शाईच्या थेंबासारखे काळे ठिपके, चादरीवर चिरडल्याचे तांबूस डाग, फिकट कात आणि पांढरी सूक्ष्म अंडी दिसली तर शंका राहत नाही. मध्यरात्रीनंतर अचानक विजेरी लावून पाहिल्यास गुन्हेगारच सापडतो.

दक्षिण भारतात आढळणारा ढेकूण हा उष्ण कटिबंधातील जातीचा आहे. डीडीटीने एके काळी त्याचा जवळजवळ नायनाट केल्यासारखे वाटले, परंतु त्याच्या पुढील पिढ्यांना ते औषध पचू लागले. उन्हात खाट टाकण्याची जुनी रीत चुकीची नाही, मात्र ती अपुरी आहे. सुमारे पन्नास अंश सेल्सिअस उष्णतेत ढेकूण आणि त्याची अंडी मरतात. चेन्नईच्या मे महिन्यात खाटेची वरची बाजू तेवढी तापेलही. पण ढेकूण शहाणा असतो, तो सावलीच्या बाजूस सरकतो. उकळते पाणी सांध्यांत ओतणे आणि चादरी, अभ्रे कडक गरम पाण्यात धुणे हे अधिक खात्रीचे. ढेकूण कोणताही रोग पसरवितो असे आजवर सिद्ध झालेले नाही. मुलाची झोप आणि घराची लाज हेच त्याचे नुकसान. लाजेपोटी लोक ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवितात, आणि निदान तेथेच चुकते.

पिसूचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. घरात मांजर किंवा कुत्रा असेल, किंवा जिन्याखाली भटक्या मांजरीने पिले घातली असतील, आणि मुलाचे फोड घोट्याभोवती व गुडघ्याखाली असतील, तर प्रथम जनावराच्या केसांत पाहावे. हा साधा किडा एके काळी किती मोठ्या प्रश्नाचे उत्तर ठरला होता, हे मुंबई इलाख्यातील लोकांना निराळे सांगायला नको. प्लेगच्या साथीत येथे आलेल्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांना काही रोग्यांच्या पायांवर टाचणीच्या डोक्याएवढे लहान फोड दिसले. इतरांनी दुर्लक्षिलेले ते फोड म्हणजे कीटकाचा दंश असावा असे त्यांनी ताडले, आणि जून १८९८ मध्ये कराचीत उंदरांवर प्रयोग करून प्लेग पिसूमुळे पसरतो हे दाखविले. त्यांच्या म्हणण्यावर कित्येक वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही.

खरूज : जिथे सर्वजण खाजवतात

आतापर्यंतचे किडे चावून निघून जातात. खरजेचा किडा जात नाही. हा कीटक नव्हे. कोळ्याच्या कुळातील, आठ पायांचा, टाचणीच्या टोकापेक्षाही लहान जीव आहे. त्याची मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा पोखरते व त्यात अंडी घालते. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीचा भोवताल, जांघ ही मोठ्या मुलांतील ठिकाणे होत. तान्ह्या मुलांत तळहात, तळपाय, मान आणि डोकेही सुटत नाही. बारीक नजरेने पाहिल्यास काही मिलिमीटर लांबीची वाकडी, राखी रेघ दिसते, तो बोगदा.

ही माहिती नवी नाही, पण ती दोनदा मिळवावी लागली. १६८७ साली इटलीतील जोव्हान्नी कोसिमो बोनोमो यांनी आपल्या पत्रात, गरीब बायका खरूज झालेल्या आपल्या मुलांच्या त्वचेतून सुईच्या टोकाने काहीतरी काढून नखावर चिरडतात, असे लिहिले. सूक्ष्मदर्शकातून पाहता तो जिवंत प्राणी निघाला. विद्वानांनी ते मानले नाही, आणि पुढे दीडशे वर्षे खरूज हा रक्तदोषच समजला गेला. १८३४ साली कॉर्सिकाच्या रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या रुग्णालयात सर्वांसमक्ष सुईने तो किडा काढून दाखविला, तेव्हा वाद मिटला. ती युक्ती तो आपल्या बेटावरील बायकांकडून शिकला होता.

खरूज कशी पसरते याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. युद्धात लढण्यास तत्त्वतः नकार देणारे काही तरुण शेफील्ड येथे प्रयोगासाठी स्वेच्छेने राहिले होते. ज्या मेलनबींचा उल्लेख वर आला त्यांनीच या तरुणांना खरूज झालेल्या सैनिकांच्या न धुतलेल्या पांघरुणांत झोपविले, त्यांचे कपडे घालावयास दिले. तरी फारच थोड्यांना खरूज लागली. निकट आणि दीर्घ स्पर्शाने मात्र ती लागली. एका रोग्याच्या अंगावर प्रौढ माद्या सरासरी अकराच असतात, हेही त्यांनी मोजून दाखविले. सर्वांत महत्त्वाचा शोध वेळेविषयी होता. पहिल्यांदा खरूज लागलेल्या माणसाला सुमारे महिनाभर खाज सुटत नाही. दुसऱ्यांदा लागली तर एका दिवसातच सुटते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की मुलाला खाज सुटली तेव्हा त्याच्याजवळ झोपणारी आई, धाकटे भावंड आणि आजी यांच्या अंगावर तो किडा पोहोचलेला असण्याचा संभव असतो. त्यांना अजून ते ठाऊक नसते, एवढेच. फक्त मुलाला औषध लावले तर आठवड्याभरात आजी ते परत देते. म्हणून परमेथ्रिनसारखे मलम डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घरातील सर्वांनी एकाच रात्री, जेथे खाजते तेवढ्यावर नव्हे तर मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावावयाचे असते. तान्ह्यांना ते डोक्यासही लावतात. साधारण आठवड्याने ते पुन्हा लावावे लागते. किडे मेल्यानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. या काळात औषध लागू पडले नाही असे समजून रोज मलम चोळणारे पालक नव्या त्वचारोगाला आमंत्रण देतात.

खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरतात, पू होतो, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात. हे जंतू विशिष्ट जातीचे स्ट्रेप्टोकॉकस असल्यास त्वचा बरी होत असतानाच, एक ते सहा आठवड्यांनी, मुलाच्या मूत्रपिंडास सूज येऊ शकते. सकाळी चेहरा व पापण्या सुजलेल्या दिसणे आणि लघवी काळ्या चहासारखी होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा मुलास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

जे चावे नसतात

चेन्नईच्या उन्हाळ्यात पाठीवर व गळ्यावर एकसारखे बारीक, टोचणारे पुरळ येते ते घामोळे. ते कपड्याखाली, घाम साचतो तेथे येते, तर चावे उघड्या भागावर असतात. कांजिण्यांचे पाण्याने भरलेले फोड छाती-पाठीपासून सुरू होतात, तोंडातही येतात आणि ताप असतो. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा नारिंगी-काळा, मुंगीसारखा लांबट भुंगेरा मुळीच चावत नाही. तो मानेवर बसला असता हाताने चिरडला तर त्याच्या अंगातील द्रव त्वचा भाजतो. दुसऱ्या दिवशी लांबट पट्टा उठतो व त्याची आग होते. ‘कोळी अंगावरून गेला’ असे त्यास म्हणतात. कोळ्याचा त्यात काही दोष नसतो.

नोंदवही आणि मच्छरदाणी

निदानासाठी प्रयोगशाळेची गरज क्वचितच लागते. एक वही आणि एक आठवडा पुरतो. पहिल्या दिवशी मुलाच्या अंगावरील प्रत्येक फोडाभोवती शाईने वर्तुळ काढावे, म्हणजे जुना फोड पुन्हा सुजला तरी तो नवा म्हणून मोजला जाणार नाही. त्यानंतर सकाळी उठल्यावर व संध्याकाळी आंघोळीच्या वेळी फक्त नवे फोड मोजून शरीराचा भाग लिहून ठेवावा. मूल दिवसभर कोठे होते, कोणत्या गादीवर झोपले, घरात आणखी कोण खाजवते, हेही लिहावे.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पहिल्या काही रात्री न फाटलेली मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून वापरावी. नवे फोड एकदोन दिवसांनी थांबले तर रात्रीचा डास सापडला. थांबले नाहीत आणि ते पायांवरच येत असतील, तर दिवसाचा डास किंवा पिसू यांचा विचार करावा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोजे घालून पाहावे. मच्छरदाणीतही सकाळी नवे फोड दिसत असतील तर शत्रू आतच आहे: गादी उलटून पाहावी, खाट भिंतीपासून दूर ओढावी, तिचे पाय साबणाच्या पाण्याच्या डब्यांत ठेवावे. आणि रात्री खाज वाढते, घरातील दुसरेही कोणी खाजवू लागले आहे, बोटांच्या बेचक्यांत फोड आहेत, असे असेल तर मच्छरदाणीचा प्रयोग लांबवीत न बसता खरजेसाठी डॉक्टरांना दाखवावे. सर्व उपाय एकाच दिवशी सुरू केले तर फोड कदाचित थांबतील, परंतु ते कशाने थांबले हे कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

दरम्यान नखे कापणे, थंड पाण्याची पट्टी, कॅलामाइन आणि जरूर पडल्यास डॉक्टरांनी दिलेले खाजेचे औषध यांनी मुलास आराम पडतो. ढेकूण मारण्याची पूड किंवा रॉकेल मुलाच्या अंगावर चोळण्याचे प्रकार अजूनही घडतात. ते विषारी असल्याने पूर्णपणे टाळले पाहिजेत.

न खाजणारा दंश

खाज हा त्रास असला तरी ती एक सूचनाही असते. या भागातील सर्वांत घातक दंशांपैकी एक अशी सूचना देत नाही. झुडपे, उंच गवत आणि उंदीर असलेल्या जागी माइट नावाच्या सूक्ष्म जीवाची पिल्ले असतात. त्यांपैकी काही ‘स्क्रब टायफस’ या तापाचे जंतू वाहतात. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेश आघाडीवर या तापाने पुष्कळ सैनिक घेतले. पुढे तो विसरला गेला. गेल्या काही दशकांत तो तमिळनाडूत पुन्हा ओळखला जाऊ लागला, आणि एळुंबूर येथील बालआरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनीही मुलांतील रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. २०१८ साली नागपूर व विदर्भाच्या इतर भागांतही त्याने बळी घेतले. चेन्नईकडे हा ताप ईशान्य मोसमी पावसानंतरच्या थंड महिन्यांत अधिक आढळतो. शहराच्या कडेला, मोकळ्या झुडपी जागांलगत नव्या वसाहती झाल्या आहेत. तेथील मुले त्याच गवतात खेळतात.

त्या पिल्लाचा चावा दुखत नाही आणि बहुधा खाजतही नाही. सहा ते एकवीस दिवसांनी मुलास ताप चढतो व तो साध्या औषधांनी उतरत नाही. चाव्याच्या जागी काही रोग्यांत एक काळी, कोरडी खपली असते. भोवती लाल कडा, विडीचा चटका बसल्यासारखी. ती ज्या जागी असते त्या जागा कोणी सहसा पाहत नाही: काख, जांघ, जननेंद्रिय, ढुंगणाची फट, कानामागे, केसांत. सर्वच रोग्यांत ती सापडत नाही, म्हणून ती नाही यावरून रोग नाही असे ठरत नाही. सापडली तर मात्र निदान जवळजवळ तेथेच होते. डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन वेळेवर मिळाले तर बहुतेक मुलांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदू यांवर परिणाम होतो. म्हणून पावसाळ्यानंतर पाच दिवसांहून अधिक ताप असलेल्या मुलाला तपासताना त्याचे सर्व कपडे उतरवून, चांगल्या उजेडात, त्वचेची प्रत्येक घडी उलगडून पाहावी लागते.